बोईसरचा रविवार आणि नवापूरची मतं

तासगावला परतल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "मग, समुद्र पाहिलास का?" पाहिला. पायांवर लाटा घेतल्या, चपलेत वाळू भरून घरापर्यंत आणली. पण समुद्राबद्दल बोलायला लागले की दोन वाक्यांत माझा आवाज चढतो, आणि आमचे हे म्हणतात, "शालन, गोळी घेतलीस का आज?" गोळी रोज घेते. तरी चढतो. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढावं. ज्यांनी तो भाग पाहिला नाही त्यांना कळेल, आणि मला प्रत्येकाला नव्याने सांगत बसावं लागणार नाही.

मी निवृत्त शिक्षिका. तीस वर्षं एकाच पक्षात आहे. पक्षाचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण दुसऱ्या पक्षात हे झालं नसतं असं म्हणायची माझी हिंमत नाही. यंदा आमच्या पक्षाने नवीन टूम काढली. तालुका अध्यक्ष वरून नेमायचा नाही, सभासदांनी मत देऊन निवडायचा. आणि लबाडी होऊ नये म्हणून प्रत्येक तालुक्यात परजिल्ह्यातला एक निरीक्षक पाठवायचा. मला पालघर तालुका मिळाला. मी भारावूनच गेले. तीस वर्षं सतरंज्या उचलल्यावर कोणीतरी आपल्याला विचारतंय, याचंच अप्रूप.

जायच्या पंधरा दिवस आधी तिथले सरचिटणीस मोरेश्वर यांचा फोन आला. मतदान कधी ठेवू, विचारत होते. म्हणाले, रविवार बरा, सगळ्यांना सुट्टी असते. मी म्हटलं, ठेवा की रविवार. पत्रकावर निरीक्षकाची सही लागते, ती मी इथूनच करून पाठवली. ही माझी चूक, आणि ती मी सगळ्यांच्या आधी कबूल करून टाकते.

गुरुवार, पालघर

पक्षाचं कार्यालय स्टेशनजवळ एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर आहे. मोरेश्वर पन्नाशीचे, पांढराशुभ्र शर्ट, खिशात दोन पेनं. मी द्राक्षांची पेटी नेली होती, ती त्यांनी अशी काही प्रेमाने फोडली की मला माणूस आवडला. कामाला चोख. सभासदांच्या याद्या गावाप्रमाणे लावलेल्या, मतपत्रिका छापून तयार, दोन पेट्या तेल लावून ठेवलेल्या.

उमेदवार दोन. एक माकुणसारच्या सुनंदाताई, दोनदा सरपंच झालेल्या, बागायतदार. दुसरे बोईसरचे एक ठेकेदार, कारखान्यांना माणसं पुरवतात. त्यांना नाव असेलच, पण सगळे ठेकेदारच म्हणत होते, मीही तेच म्हणेन.

"मॅडम, खरं सांगू का," मोरेश्वर म्हणाले, "निकाल ठरल्यासारखाच आहे. ताईंचं पारडं फार जड आहे. एडवण, माकुणसार, सफाळ्याकडची सगळी गावं त्यांची. फक्त नवापूर."

"नवापूरचं काय?"

"तिथे सभासद नोंदणी सगळ्यांत जास्त झाली. बहुतेक मासळी विकणाऱ्या बायका. त्या ताईंवर नाराज आहेत."

"कशाबद्दल?"

"त्या नेहमीच नाराज असतात, मॅडम."

हे वाक्य मला खटकलं. वर्गातल्या एखाद्या पोराबद्दल कोणी शिक्षक असं बोलला की मी ओळखायची, यानं त्या पोराला कधी काही विचारलेलंच नाही. पण पहिलाच दिवस होता, द्राक्षं खाऊन झाली होती, मी गप्प बसले.

शुक्रवार, माकुणसार

सफाळ्याहून रिक्षाने गेले. आमच्याकडे पाणी नळीतून थेंबाथेंबाने मोजून देतात. इथे पाटातून खळखळ वाहतं आणि कोणी त्याच्याकडे बघतही नाही. केळी, नारळ, मधेच पानवेलींचे मांडव, आत शिरलं की भरदुपारी संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं. मी वर बघत चालले होते, तो पाय थेट पाटात. घोट्यापर्यंत चिखल घेऊन मी तालुक्याच्या भावी अध्यक्षांसमोर उभी राहिले.

सुनंदाताईंनी हसू दाबलं, विहिरीवर नेलं, स्वतः पाणी ओतलं. उंच बाई, बोलणं भरभर, हातात कोयता आहे हे विसरून हातवारे करायची सवय. दुपारी उकडहंडी होती. मडक्यात वालाच्या शेंगा, वांगी, रताळी, कोनफळ, हिरवं वाटण असं भरायचं, पाल्याने तोंड बंद करायचं आणि मडकं विस्तवात ठेवायचं. मी मदत करायची म्हणून कोनफळ सोलायला घेतलं आणि कोपरापर्यंत खाज सुटली. खोबरेल लावून, चिंच चोळून बसले. पण जेवले मात्र अशी की उठताना हात टेकावा लागला. आमच्या हुरड्याची मी भक्त आहे, तरी सांगते, त्या दिवशी मी हुरड्याशी बेइमान झाले.

जेवल्यावर मी नवापूरचा विषय काढला. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"बोईसरच्या बाजारात छप्पर पाहिजे ही मागणी नवापूरच्या बायकांची. खोटं कशाला बोलू. उन्हात बसून त्यांची मासळी खराब होते. मी मागे लागून छप्पर मंजूर करून आणलं. पण आलं ते अर्ध्या बाजारापुरतं. मग आदी कोणाला बसवायचं? माझ्या गावच्या बायका भाजी घेऊन तिथंच बसतात. त्यांना बसवलं."

"आणि मासेवाल्या?"

"दुसऱ्या टप्प्यात, म्हटलं त्यांना."

"मग दुसरा टप्पा?"

"आलाच नाय," त्या म्हणाल्या. थोडा वेळ सुपारी कातरत राहिल्या. "मोरेश्वर सांगतो, नवापूरशिवाय निवडून येता. येईन पण. पण बाई, मला त्यांची मतं पाहिजेत. नायतर अध्यक्ष होऊनसुद्धा त्या बाजारातून मान खाली घालूनच जावं लागंल. आता जाते तशी."

मला त्या आवडल्या. लिहिताना आजही आवडतात, म्हणून तर जास्त राग येतो.

शनिवार, नवापूर

बोईसर सोडताना रिक्षात नाकाला पदर लावला. कारखान्यांच्या बाजूने तीव्र, औषधासारखा वास येत होता. रिक्षावाला बिहारचा, म्हणाला, "आदत हो जाएगी, माताजी." मग खाडीकाठची दलदल, खाजण लागलं, वारा मोकळा झाला, आणि नवापूर.

रस्त्यावर फिकट गुलाबी भुसा पसरलेला दिसला. मी मजेत त्यावरून चालत गेले. तो जवळा होता, बारीक कोळंबीसारखी मासळी, वाळत घातलेली. एका घरातून बाई ओरडत आली, दुसरीने मला दंडाला धरून बाजूला केलं, तिसरीने माझ्या चपलेच्या तळव्याला चिकटलेला जवळा बोटाने काढून परत उन्हात टाकला. ही तिसरी म्हणजे भीमाबाई. साठीच्या आसपास, बारीक, कपाळावर मोठं कुंकू. नवापूरच्या बायका तिचं ऐकतात, असं मोरेश्वरांनी जरा कुरकुरतच सांगितलं होतं.

मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. दिवसा अकरा वाजता सगळ्या बायका घरी. कोणी बोंबील बांबूंवर टांगतेय, कोणी दारात बसून केस विंचरतेय.

"आज बाजार नाही?" मी विचारलं.

"शनिवारी कोण खातो, बाय? मारुतीचा वार. गुरुवारी नाय, सोमवारी नाय. आमचे वार म्हणजे बुधवार, शुक्रवार न् रविवार."

हे मी ऐकलं आणि मान डोलावली. डोक्यात मात्र काहीच शिरलं नाही. आधी जेवायला बसवलं मला. तांदळाची भाकरी आणि ओले बोंबील, तळलेले. आमच्या घरी मासा म्हणजे नदीतला मरळ, तोही वर्षातून दोनदा. मी काटा शोधत बसले तर भीमाबाई म्हणाल्या, सगळाच खायचा. खाल्ला. ज्वारीच्या भाकरीची सवय असलेल्या दातांना ती पांढरी भाकरी फसवल्यासारखी वाटते, चावायच्या आत संपते.

मग मी छपराचं विचारलं. आठ-दहा जणी जमल्याच होत्या.

"आमी छपराला नाय म्हटलं नव्हतं," भीमाबाई म्हणाल्या. "भाजीला बसवलं, बसव. पण मला सांग, भाजीला ऊन लागतं, मग मासळीला काय चांदणं लागतं?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. म्हटलं, हेच सगळं उद्या मतातून सांगा ना. मत तुमच्या हातात आहे, कोणाला द्यायचं ते द्या, पण या.

"उद्या म्हंजे?"

"उद्या रविवारी. दहा ते चार."

एकीने दुसरीकडे बघितलं. भीमाबाईंनी मला असं विचारलं की जणू मी परीक्षेला बसलेय. "बाय, तुमच्याकडं रविवारी काय खातात?"

"मटण."

"मग तुमच्या गावचा मटणवाला रविवारी मत द्यायला जातो?"

मी लाजेने लाल झाले. आठवडाभराची अर्धी मासळी रविवारी खपते. त्या दिवशी नवापूरची एकही बाई उठून कुठे जाऊ शकत नाही, आणि सुट्टीचा दिवस म्हणून आम्ही नेमका तोच काढला होता. मुद्दाम केलं असेल तर हलकटपणा, नकळत केलं असेल तर त्याहून वाईट, कारण मग ही माणसं आपल्या डोक्यातच नाहीत.

अंगणातूनच मोरेश्वरांना फोन लावला. म्हटलं, सोमवार करा, सोमवारी या मोकळ्या असतात. ते म्हणाले, पत्रकं वाटली, हॉल ठरला, आणि "मॅडम, सही तुमचीच आहे." मग माझा आवाज ऐकून समजूत घालू लागले. "रविवारी सगळे रिकामे असतात. मी स्वतः सकाळी बाजारातून मासळी घेऊन घरी देतो आणि दहाच्या आत हॉलवर हजर होतो, तुम्ही काळजी करू नका."

हा माणूस दर रविवारी या बायकांकडून मासळी घेतो. तरी काय बोलला ते त्याला कळलं नाही.

सुनंदाताईंना फोन केला. रविवारचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी पण दर रविवारी भीमाबाईकडूनच घेते, बाई. कसं ध्यानात आलं नाय."

मी भीमाबाईंना म्हटलं, काहीतरी करते. त्यांनी हात झटकला. "तू नको तरास घेऊ. आमी मासळी विकू. मतं काय, येतात न् जातात."

रविवार, बोईसर

मतदान लग्नाच्या हॉलमध्ये होतं, बाजारापासून चालत पाच मिनिटं. दहा वाजल्यापासून टेम्पो येत होते. एडवणचे आले, माकुणसारचे आले, ठेकेदारांची कारखान्यांतली माणसं आली. सगळे धुतलेल्या कपड्यांत, रविवार साजरा करत. यादीवर खुणा होत होत्या. नवापूरची पानं बारा वाजेपर्यंत कोरी.

मोरेश्वरांना टेबलावर बसवून मी बाजारात गेले. ऊन मी म्हणत होतं. एका बाजूला छपराखाली भाजीवाल्या, आणि छप्पर संपतं तिथून मासेवाल्यांची रांग. डोक्यावर ओलं फडकं, मासळीवर ओलं गोणपाट, दर पाच मिनिटांनी पाणी शिंपडायचं. आणि भीमाबाईंच्या समोर, कडक इस्त्रीच्या साडीत, सुनंदाताई उभ्या.

"तुमी दोघी दोघी जाऊन या," त्या म्हणत होत्या. "तवर टोपल्या मी सांभाळते."

"कापता येते?" भीमाबाईंनी विचारलं.

"खाता येते."

रांगेतल्या बायका खो खो हसल्या. भीमाबाई हसल्या नाहीत, पण सरकल्या. सुनंदाताई साडी गुडघ्यांत दाबून त्यांच्या लाकडी पाटावर बसल्या. मला वाटलं, फोटो काढून घेतील आणि उठतील. त्या तीन तास बसल्या.

काय ते तीन तास. एक कामगार आला, "दीदी, मछली ताज़ी है?" तर ताई भीमाबाईंकडे बघतायत. भीमाबाई म्हणाल्या, "सांग त्याला, तुझ्यापेक्षा ताजी हाय." एकाला पापलेट म्हणून त्या हलवा मासा देत होत्या, शेजारणीने हात धरला. शिंगाळ्याचा काटा बोटात घुसला, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, तरी फडकं गुंडाळून बसल्याच. पाण्याच्या शिंतोड्यांनी साडीची इस्त्री गेली, चेहरा विस्तवाजवळ बसल्यासारखा झाला. आणि एकदाही, मी शपथेवर सांगते, एकदाही त्यांनी मत द्या म्हटलं नाही. तेवढ्यात छपराखालून त्यांच्या गावची एक भाजीवाली हाक मारून म्हणाली, ताई, इकडं सावलीत या. त्या म्हणाल्या, "नको."

पहिल्या दोघी हॉलकडे गेल्या आणि दहा मिनिटांत परत आल्या.

"नाय घेत आत," एक म्हणाली आणि आपल्या टोपलीजवळ जाऊन बसली.

मी तशीच तरातरा हॉलवर गेले. मोरेश्वर दारातच होते.

"मॅडम, हॉलमालकाची तक्रार आहे. संध्याकाळी रिसेप्शन आहे इथे. त्यांच्या कपड्यांना, हातांना... तुम्हाला माहितीय. वास राहतो."

त्या गावात, जिथे नाकाला पदर लावल्याशिवाय मला रिक्षातूनही जाता आलं नव्हतं, तिथे हा माणूस मला वास सांगत होता. सकाळी याच हातांनी कापून दिलेली मासळी त्याच्या घरी कढईत शिजत होती. मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. तीस वर्षं वर्गावर आवाज टाकलेली बाई आहे मी. टेम्पोवाले थांबून बघायला लागले.

मग मी दुसरी रिकामी पेटी उचलली, सील केली, ती ठेवायला एक खुर्ची बाहेर ओढली आणि हॉलच्या पायरीवर बसले. मोरेश्वरांनी नियमांचं पत्रक काढून वाचून दाखवलं. हॉलबाहेर घेतलेली मतं वेगळी ठेवायची. मोजणी सुरू व्हायच्या आधी एकाही उमेदवाराने लेखी हरकत घेतली तर ती बाद.

"वेगळी ठेवते," मी म्हटलं. "आणा यादी."

बाजारात निरोप धाडला, तशा नवापूरच्या बायका दोघी दोघींनी आल्या. पदराला हात पुसून, कागद ओला होऊ नये म्हणून चिमटीत धरून, माझ्याकडे पाठ करून शिक्का मारत होत्या. कोणी थांबलं नाही, बोललं नाही, मत टाकलं आणि परत बाजाराकडे पळाल्या. शेवटी भीमाबाई आल्या. त्यांनी घडी घालून कागद आत टाकला आणि म्हणाल्या, "तिला सांग, बोटाला हळद लाव." आणि गेल्या.

चार वाजता दार लावून घेतलं. मी दोन्ही उमेदवारांना हरकतीचं विचारलं. ठेकेदार हसतच म्हणाले, "माझी कशाला हरकत? गरीब बायका आहेत." त्यांना खात्री होती की पायरीवरच्या पेटीत सुनंदाताईंच्या विरोधातली मतं आहेत.

मोरेश्वर ताईंना खिडकीपाशी घेऊन गेले. बराच वेळ कुजबुज चालली. मी उठून तिथे गेले.

"ताई, सही करू नका."

"बाई, मी दिवसभर बसले," त्या म्हणाल्या. आवाज बसला होता. "पण एकीनंपण सांगितलं नाय, मत तुला म्हणून. आमच्याकडे जो मत देणार असतो तो सांगतो. हातात हात घेऊन सांगतो. त्या गप्प व्हत्या. मी एवढी वर्षं राजकारणात हाय, गप्प बसलेलं माणूस कुठं जातं मला म्हाईत हाय."

"मत सांगायचं नसतं. म्हणून तर पेटी असते."

"तुमी परत तासगावला जाल. मला इथं राहायचंय."

त्यांनी सही केली. काटा लागलेलं बोट वर धरून, बाकीच्या बोटांनी पेन पकडून केली. मोरेश्वरांनी कागद माझ्या हातात दिला.

हॉलमधली पेटी मोजली. सुनंदाताई चांगल्या फरकाने आल्या. बाहेर कोणीतरी फटाक्यांची माळ लावली. नियमाप्रमाणे बाद मतंही मोजून अहवालात लिहायची असतात. मी पायरीवरची पेटी उघडली आणि मोठ्याने वाचायला लागले, कारण मला मोठ्यानेच वाचायचं होतं. सुनंदाताई. सुनंदाताई. सुनंदाताई. एका चिठ्ठीला माशाचा खवला चिकटला होता, तिच्यावरही सुनंदाताई. मधे दोन-चार ठेकेदारांची निघाली, मग पुन्हा सुनंदाताई, शेवटच्या घडीपर्यंत.

ताई खाली बसल्या. मग म्हणाल्या, हरकत मागे घेते. मोरेश्वरांनीच नियम वाचला, मोजणी सुरू झाल्यावर हरकत मागे घेता येत नाही. ताई रडायला लागल्या. मला दया आली नाही. खरं तेच लिहिते, नाही आली. ज्यांनी तीन तासांत आपला सगळा राग गिळून मत दिलं, त्यांना ही बाई तीन मिनिटंसुद्धा भरवसा देऊ शकली नाही.

"चांगलंच झालं की, मॅडम," मोरेश्वर म्हणाले. "कसंही मोजा, ताईच."

सोमवार, पुन्हा नवापूर

माझी गाडी दुपारी होती. सकाळीच रिक्षा करून नवापूरला गेले. ही बातमी दुसऱ्या कोणी सांगण्याआधी आपण सांगावी म्हणून. यावेळी जवळा दिसला आणि मी वळसा घालून गेले.

भीमाबाईंना आधीच कळलं होतं.

"ती आलेली सकाळी," त्या म्हणाल्या. "दारात उभी राहिली. म्हणते, चुकले. मी म्हटलं, चुकलीस. बस, चा पी."

"मग?"

"चा प्यायली न् गेली. जाताना म्हणते, छप्पर करते. मी कायपण नाय बोलली."

बायका जमायला लागल्या. मला वाटलं, माझ्यावर चिडतील, मीच तर पायरीवर बसून मतं घेतली होती. पण कोणी चिडलं नाही, आणि त्यानेच मला जास्त मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, ताई निवडून आल्याच आहेत, तरी मी वर मुंबईला तक्रार करणार आहे.

"तक्रार नको," भीमाबाई म्हणाल्या. "तू मास्तरीण हायेस ना? कागद काढ. लिही. आमी उन्हातून उठून गेलो, आमाला आत घेतलं नाय, आमी पायरीवर मत दिलं. ते मोजा. ती निवडून आली तरी मोजा, पडली तरी मोजा. बस."

मी जसं त्या बोलल्या तसं लिहिलं, एक अक्षर सुधारलं नाही. एकेक जण येऊन सही करत होती, काही जणी अंगठा. मी विचारलं, सुनंदाताईंची सही घेऊ का, त्या देतील.

"नको," भीमाबाई म्हणाल्या. "तिची एक झाली."

तो कागद मी माझ्या अहवालाला जोडला आणि रजिस्टर पोस्टाने मुंबईला पाठवला. वर तीन फोन केले. साहेब मीटिंगमध्ये, साहेब दौऱ्यावर, साहेब बघतायत. माझ्या तालुक्यातल्या पुढाऱ्यांनी सांगितलं, शालनताई, आता पुरे, तुमची माणसं थोडीच आहेत ती. महिनाभराने उत्तर आलं, छापील कागदावर, चार ओळींचं. आपला अहवाल मिळाला. सदर मतांमुळे निकालात कोणताही फरक पडत नसल्याने विषय बंद करण्यात येत आहे.

फरक पडत नाही. मी ते पत्र घेऊन दोन दिवस घरभर फिरले. ह्यांनी गोळीची डबी पुढे केली, मी ती बाजूला सारली आणि भीमाबाईंना फोन लावला. सांगायला तर हवंच होतं. त्यांनी फोन उचलला तेव्हा मागे बाजाराचा गलका होता, आणि मग माझ्या लक्षात आलं की आज रविवार आहे.

तरी मी पत्र वाचून दाखवलं. चारही ओळी, शेवटची दोनदा, कारण गलक्यात त्यांना ऐकू गेली नव्हती. पलीकडे कोणीतरी पापलेटचा भाव विचारत होतं.

"भीमाबाई?"

"गिऱ्हाईक हाय, बाय," त्या म्हणाल्या. "ठेवते."